प्रचारात फिरणारं 'सरकारी पत्र' छापण्याआधी कसं तपासायचं?

गंगावेस
नमस्कार मंडळी. प्रचार तापला की एखाद्या उमेदवाराविरुद्धच्या सरकारी पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर येतोच. कधी घरफाळ्याच्या थकबाकीची नोटीस, कधी अतिक्रमणाची, कधी चौकशी अहवालाचं एकच पान. वर लेटरहेड, खाली सही आणि गोल शिक्का. दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या साप्ताहिकानं किंवा पोर्टलनं अशा कागदाचं काय करायचं? हातात जेमतेम एक दिवस असतो, हस्ताक्षरतज्ज्ञ परवडत नाही. सुरुवात कुठून करायची? आणि 'या पत्राची सत्यता पडताळलेली नाही' अशी ओळ टाकून छापलं तर चालतं का?

बारनिशी
सही आणि शिक्का सगळ्यात शेवटी बघा. शिक्का कुणीही करून घेतो आणि सही दुसऱ्या कागदावरून उचलता येते. सुरुवात जावक क्रमांकापासून करा.

कार्यालयातून पत्र बाहेर पडलं की जावक नोंदवहीत क्रमांक, तारीख, कुणाला पाठवलं आणि विषय एवढं लिहिलं जातं. तुमच्या पत्राच्या एक आधीचा आणि एक नंतरचा क्रमांकही बघायला मागा. बनावट पत्रावर बहुतेक वेळा खराच क्रमांक असतो, पण तो दुसऱ्याच कुठल्या पत्राचा असतो. म्हणून विचारताना विषय आधी सांगू नका. 'अमुक तारखेचा अमुक क्रमांक कशाबद्दल आहे?' एवढंच विचारा. विषय सांगितलात की समोरचा 'हो, असं काहीतरी गेलंय' म्हणतो. तो दुजोरा धरायचा नाही.

फोन करायचा तर पत्रावर छापलेल्या नंबरावर करू नका, तोही बनावट असू शकतो. नंबर कार्यालयाच्या संकेतस्थळावरून घ्या, नाहीतर सरळ जाऊन या. कोल्हापुरात बहुतेक कार्यालयं अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत.

जावक जुळलं तर दोन गोष्टी राहतात. पत्र ज्याला गेलं त्याच्याकडची आवक नोंद, आणि मूळ फाईलमधली स्थळप्रत, म्हणजे कार्यालयातच राहणारी पत्राची प्रत. स्थळप्रतीवर लिपिकापासून वरपर्यंतच्यांची आद्याक्षरं (छोट्या सह्या) असतात आणि तिच्यामागे टिपणी असते. पत्र बनवणारा एक पान बनवतो, अख्खी फाईल बनवणं त्याला जमत नाही.

शासन निर्णय (जीआर) असेल तर काम सोपं आहे. त्यावर १८ अंकी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून मूळ प्रत उतरवा आणि ओळीला ओळ लावून बघा. खऱ्या निर्णयातलं एखादंच वाक्य बदललेल्या प्रती फिरत असतात.

पापाची_तिकटी
वरचं बरोबर आहे. त्याच्या जोडीला कालविसंगती तपासा, त्याला पैसा लागत नाही.

पत्रावरची तारीख घ्या आणि त्यात त्या तारखेला अस्तित्वात नसलेलं काही आहे का ते शोधा. रुपयाचं नवं चिन्ह केंद्रानं जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. २००८ च्या पत्रात ते छापलेलं दिसलं तर थांबा. इचलकरंजीची महानगरपालिका २०२२ मध्ये झाली, त्याआधी ती नगरपरिषद होती. उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. वारही बघा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा त्यानंतरचं शनिवारचं पत्र खटकायला हवं. मात्र निवडणुकीच्या काळात सुट्टीतही काम चालतं, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल लावू नका. सही करणारा अधिकारी त्या दिवशी त्या खुर्चीवर होता का, हे बदलीच्या आदेशावरून कळतं.

टंकाचंही (फॉन्टचंही) तसंच. निर्मला हा टंक विंडोज ८ बरोबर, म्हणजे २०१२ मध्ये आला. २००५ च्या पत्रात तो नसणार. पाकिस्तानात २०१७ मध्ये नवाझ शरीफ यांच्या कन्येनं दिलेला न्यासपत्राचा (ट्रस्ट डीडचा) कागद असाच संशयात आला. कागदावर तारीख फेब्रुवारी २००६ ची आणि टंक कॅलिब्री, जो सर्वांसाठी २००७ च्या जानेवारीत बाजारात आला. चाचणी आवृत्ती त्याआधीही मिळत होती, असा बचाव लगेच पुढे आलाच. म्हणून टंकावरून संशय घ्यावा, निष्कर्ष काढू नये. आणखी एक अडचण: जुनं पत्र कुणी नंतर पुन्हा टाईप करून 'खरी नक्कल' म्हणून दिलेलं असतं. त्यात नवा टंक असणारच, तरी मजकूर खरा असू शकतो.

फोटो पाठवणाऱ्याला तीच फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात तारीख-वेळेची माहिती पुसली जाते आणि अक्षरांच्या कडा फुटतात. मग चिकटवलेली सही ओळखू येत नाही. त्याच अधिकाऱ्याची दुसऱ्या पत्रावरची सही मिळाली तर पडद्यावर एकावर एक ठेवा. कुणीही दोनदा हुबेहूब सही करत नाही. रेषेवर रेष बसली तर ती उचललेली आहे.

शाहूपुरी_वाचक
या शहरात हा प्रश्न पहिल्यांदा पडलेला नाही. १८८२ चं बर्वे प्रकरण कोल्हापूरचंच. कोल्हापूर संस्थानचे तेव्हाचे राजे चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होतो आहे, असं 'केसरी' आणि 'मराठा'नं लिहिलं. आधार होता दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावावरच्या पत्रांचा. खटल्यात ती पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. दोघांच्या हेतूबद्दल तेव्हाही कुणाला शंका नव्हती. पण महाराजांना कसं वागवलं जातंय हा मूळ प्रश्न कोर्टात पत्रांच्या खाली गाडला गेला, आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात महाराजांचा अहमदनगरला मृत्यू झाला. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

अमेरिकेत २००४ मध्ये हेच घडलं. सीबीएस वाहिनीनं ८ सप्टेंबरला, मतदानाला दोन महिने उरले असताना, राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलातल्या सेवेबद्दलचे १९७२-७३ चे म्हणून काही कागद दाखवले. वाहिनीकडे फक्त झेरॉक्स होत्या. तज्ज्ञानं हवाला दिला तो सहीपुरता. त्या काळच्या टाईपरायटरवर सहसा न येणारी, अक्षरागणिक बदलणारी रुंदी आणि आकड्याच्या डोक्यावर चढवलेली बारीक अक्षरं बघून लोकांनी काही तासांत शंका काढल्या. २० सप्टेंबरला वाहिनीनं कागदांची खात्री देता येत नसल्याचं कबूल केलं. नंतरच्या चौकशी समितीनंही ते बनावटच आहेत असा अंतिम निर्वाळा दिला नाही. तरी निर्मातीची नोकरी गेली, कारण कागद खरा असल्याचं दाखवणं हे छापणाऱ्याचं काम. गार्डच्या त्या कार्यालयातल्या जुन्या टंकलेखिकेनं सांगितलं, 'हे मी टाईप केलेलं नाही, पण मजकूर त्या वेळच्या परिस्थितीला धरून आहे.' म्हणजे बातमी दुसऱ्या वाटेनं, माणसांच्या जबाबातून उभी राहू शकली असती. कागद दाखवला आणि ती वाट बंद झाली.

गंगावेस
फार उपयोगी. एक शंका: कार्यालयच 'असं पत्र आमचं नाही' म्हणून हात झटकत असेल तर? पत्र खरं असलं तरी निवडणुकीत कुणी मान्य करणार नाही.

बारनिशी
तोंडी नकार घेऊ नका. 'या क्रमांकाची नोंद जावक नोंदवहीत नाही' एवढं ईमेलवर मागा. खोटं बोलणारासुद्धा लेखी द्यायला कचरतो. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, शुल्क १० रुपये. त्यात 'पत्र खरं आहे का' असा प्रश्न विचारू नका, त्यावर 'माहिती उपलब्ध नाही' असंच येतं. त्या तारखेच्या जावक नोंदवहीच्या पानाची आणि स्थळप्रतीची साक्षांकित प्रत मागा, शिवाय कलम २(ञ) खाली अभिलेख पाहणी, म्हणजे मूळ नोंदी स्वतः जाऊन बघायला, मागा. उत्तराला मुदत ३० दिवस आहे. ४८ तासांची तरतूद जीवित आणि स्वातंत्र्याच्या प्रश्नापुरती आहे, ती इथे लावू नका. मतदानाआधी उत्तर येणार नाही, हे धरूनच चला.

पापाची_तिकटी
'पडताळलेली नाही' या ओळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ती ओळ संरक्षण देत नाही, उलट तपासलं नव्हतं याची लेखी कबुली ठरते. भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६, बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरल्याचं ३४०(२), निवडणुकीच्या संदर्भात उमेदवाराच्या वर्तनाबद्दल खोटं विधान केल्याचं १७५. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सार्वजनिक अधिकाऱ्यांच्या कामाबद्दलच्या लिखाणाला मोकळीक दिली, पण तिथेही पत्रकारानं वाजवी पडताळणी केलेली असणं धरलंय. म्हणून कुणाला, किती वाजता, काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

उमेदवाराला प्रश्न लेखी पाठवा, त्यात पत्रातला नेमका आरोप आणि तारीख द्या. रात्री नऊला पाठवून दहाला 'प्रतिसाद मिळाला नाही' लिहिणं बरोबर नाही. निदान एक पूर्ण कामाचा दिवस द्या.

आणि पत्र बनावट निघालं, त्याचीच बातमी करायची असेल, तर फोटो तसाच टाकू नका. 'बनावट' हा शब्द मजकुरावरून तिरका, सहीला आणि क्रमांकाला छेदून जाईल असा मोठा टाका. कोपऱ्यात टाकलेला शब्द कापून तेच चित्र तासाभरात पुन्हा गटागटांत फिरतं, या वेळी तुमच्या साप्ताहिकाच्या नावासकट.