अभ्यासिकेच्या वायफायवर ‘पायरसी ब्लॉक’: ठेवू का काढू?

तानपुरा_मिरज (धागाकर्ता)

मिरजेत माझी साठ खुर्च्यांची अभ्यासिका आहे. बहुतेक एमपीएससीवाली मुलं, चार-पाच बँकिंगची, आणि एक पीएचडी करणारी मुलगी. उन्हाळ्यात आमच्या फी-नोंदीच्या पीसीवर व्हायरस शिरला, म्हणून फायरवॉलची पेटी (इंटरनेटची ये-जा तपासून नको ते अडवणारी) बसवून घेतली. बसवणाऱ्यानं ‘मालवेअर’ (म्हणजे व्हायरससारखे घातक प्रोग्रॅम), ‘फिशिंग’, ‘प्रौढ’ अशा रांगेत ‘पायरसी’वरही टिचकी मारली. मी मान हलवली. चांगलंच आहे की!

गेल्या आठवड्यात ती मुलगी लॅपटॉप उचलून माझ्या टेबलावर आली. लाल पान, मधोमध ढालीचं चित्र, खाली ‘धोका! हे संकेतस्थळ असुरक्षित आहे’. पत्ता बघतो तर आर्काइव्ह डॉट ऑर्ग. तिथे ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’नं स्कॅन केलेली हजारो जुनी पुस्तकं आहेत, मराठीसुद्धा. तिला हवं होतं शंभर वर्षांपूर्वीचं एक मासिक. आता त्यात कसला आलाय व्हायरस?

माझं मत: व्हायरस अडवणं हे पेटीचं काम, चोरी पकडणं नव्हे. पायरसीची टिचकी काढावी म्हणतो. तुम्ही काय कराल?

छापखाना

काढू नका. माझं छोटं प्रकाशन आहे. हजाराची आवृत्ती काढतो, ती खपायला दोन-तीन वर्षं जातात. मागच्या दिवाळीत आलेल्या एका पुस्तकाची पीडीएफ पंधराव्या दिवशी मलाच व्हॉट्सअॅपवर आली, सोबत ‘फक्त वाचनप्रेमींसाठी’ असा मजकूर आणि हात जोडलेली इमोजी. स्कॅन करणाऱ्याचा अंगठा पान ४२ वर दिसतोय. लेखकाला मानधन किती दिलं ते इथे लिहायची लाज वाटते, आणि ते पुस्तक त्या एका गटात नऊशे जणांकडे गेलं.

अभ्यासिकेत तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचीच चोरी जास्त. तुमच्या छपराखाली, तुमच्या वायफायवर. एक बटण दाबून ती थोडी जरी कमी होत असेल, तर काढायचं का?

संध्या_ग

@छापखाना, त्रास खरा आहे तुमचा. पण तुम्हीच लिहिलंत की पीडीएफ व्हॉट्सअॅपवर आली. त्यातलं या पेटीला काय दिसणार? एकही अक्षर नाही. टेलिग्रामच्या चॅनेलवर कोणतं पुस्तक फिरतंय तेही दिसत नाही. मग सापडलं कोण, तर शंभर वर्षांपूर्वीचं मासिक. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापावीत, स्कॅन करावीत, फुकट वाटावीत. हे गणित पेटीला येतं का?

पिंगवाला

येत नाही, आणि येणारही नाही. कारण सांगतो. पत्ता https असला की पेटीला साधारण फक्त डोमेनचं, म्हणजे साइटचं मुख्य नाव कळतं. पुढचं सगळं कुलूपबंद. एसटीची पाटी दिसते, ‘मिरज–पंढरपूर’; आत वारकरी बसलेत की खिसेकापू, ते दिसत नाही. मग पेटीपुढे दोनच पर्याय: आख्खी गाडी सोडा किंवा आख्खी गाडी अडवा.

आतलं बघायचंच असेल तर प्रत्येक मुलाच्या लॅपटॉपवर आपलं सर्टिफिकेट घालावं लागतं, म्हणजे कुलूप मध्येच उघडून परत लावता येतं. कंपन्या स्वतःच्या मशीनवर हे करतात. साठ परक्या लॅपटॉपांवर करायला जाल तर मुलांची ईमेलसुद्धा तुमच्या पेटीत उघडी पडणार. नको त्या भानगडीत पडू नका, तानपुराकाका.

तरीपण मी छापखान्याच्या बाजूनं आहे, कारण वेगळं. सिनेमे आणि क्रॅक (विकतच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून फुकट वाटलेली प्रत) वाटणाऱ्या साइट बऱ्याचदा खरोखरच घाणेरड्या असतात. एका ‘डाउनलोड’ऐवजी चार बटणं, त्यातली तीन खोटी. तिथे पायरसी आणि व्हायरस वेगळे काढता येत नाहीत.

डीटीपीवाला

पिंगवाल्याला दुजोरा. स्वतःच्या दुकानाची गोष्ट. पोरानं फोटो-एडिटिंगचं क्रॅक आणलं. सोबतच्या चिठ्ठीत पहिलीच सूचना: ‘अँटिव्हायरस बंद करा’. केला बंद. संध्याकाळी सगळ्या फायलींच्या नावामागे नवी शेपटी, लग्नपत्रिका उघडेनात, प्रत्येक फोल्डरमध्ये एक ‘रीडमी’: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. नंतर वाचलं की स्टॉप/डीजेव्हीयू नावाचं हे खंडणीचं प्रकरण क्रॅकमधूनच पसरतं. काही प्रकारांना मोफत किल्ली मिळाली आहे, आमच्या प्रकाराला नाही. एकवीस पत्रिका परत टाईप केल्या.

पेटी असती तर वाचलो असतो. ठेवा ती टिचकी.

उगाच_एक

पोरगं चोरी करायला गेलं आणि चोराच्या घरी लुटलं गेलं. 🙂

डीटीपीवाला

हसा. तुमची पत्रिका आमच्याकडेच येणार आहे.

संध्या_ग

@डीटीपीवाला, तुमच्या किश्श्यात तुम्हाला ‘मालवेअर’ची टिचकी हवी होती, ‘पायरसी’ची नव्हे. खंडणीवाला फायलीत बसला होता म्हणून तिथे थांबवायचं. आणि अँटिव्हायरस तर तुम्हीच बंद केला होता!

दोन गोष्टी एकाच लाल पानावर आणल्या की काय होतं? आर्काइव्हवर खोटा ‘धोका’ दोनदा बघितलेला मुलगा तिसऱ्यांदा खऱ्या धोक्यावरही ‘तरीही पुढे जा’ दाबतो.

आणि हक्कदारांच्या भल्यासाठी लोकांच्या मशीनमध्ये काय काय घातलं गेलंय तेही आठवा. २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या सीडी कॉम्प्युटरला लावल्या की कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर आत जाऊन लपून बसायचं. ‘$’ चिन्हानं सुरू होणारं एक ठरावीक नाव असलेली कुठलीही फाइल विंडोजला दिसेनाशी व्हायची. मग व्हायरस लिहिणाऱ्यांनी त्याच आडोशाला आपल्या फायली लपवल्या. ज्यांनी सीडी विकत घेतली त्यांनाच शिक्षा.

पिंगवाला

अवांतर, पण याच विषयातला सर्वांत विचित्र नमुना: जून २०२१ मध्ये सोफॉस या अँटिव्हायरस कंपनीच्या लोकांनी एक व्हायरस पकडला. पायरेटेड गेम आणि सॉफ्टवेअरच्या वेशात पसरायचा आणि विंडोजच्या होस्ट्स फायलीत (कुठल्या साइटचा पत्ता कोणता, याची मशीनमधली यादी) पायरेट बेसारख्या शेकडो पायरसीच्या साइटची नावं १२७.०.०.१ ला, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याला जोडून टाकायचा. म्हणजे मशीन स्वतःचंच दार ठोठावत बसतं, साइट उघडत नाही. पासवर्ड चोरायचा नाही, पैसे मागायचा नाही. कुणातरी संतापलेल्या छापखान्यानं लिहिला असणार!

छापखाना

मला एवढं कोडिंग येत असतं तर प्रकाशनात कशाला आलो असतो?

संध्याताई, सीडीवाले चुकले हे मान्य. पण तुमच्या म्हणण्याचा अर्थ शेवटी असा होतो की अडवणूक परिपूर्ण नसेल तर करूच नका. दाराला कडी लावतो तेव्हा दरोडेखोर थांबत नाहीत हे आपल्याला माहीत असतं. कडी शेजारच्या पोरांसाठी असते. सहज मिळतं म्हणून डाउनलोड करणारेच शंभरातले नव्वद, आणि त्यांना एक लाल पान पुरतं. (हा आकडा माझ्या डोक्यातला आहे, भांडू नका.)

न्यायालयांनीही हे मानलंय. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की मुख्यतः चोरीच्या मालावर चालणारी साइट आख्खी बंद करता येईल, आणि तिची नवी भावंडं उगवली तर प्रत्येक वेळी नवा दावा नको.

संध्या_ग

‘मुख्यतः चोरीच्या मालावर’ हेच तर मी म्हणतेय! ते कुणीतरी बसून तपासलं होतं. तुमच्या पेटीची यादी कोण तपासतं? कंपनीत बसलेला एखादा प्रोग्रॅम. न्यायालयाच्या यादीतही गफलत होते बरं: ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशातल्या अडीच हजारांहून जास्त पत्त्यांमध्ये हेच आर्काइव्ह अडकलं होतं, हिंदी सिनेमांच्या पायरसीपायी.

मला २०१६ चा आपला मुंबईचा निकाल जास्त पटतो. निर्माते बंदीसाठी साइटची यादी घेऊन आले तेव्हा न्या. गौतम पटेल यांनी सरसकट साइट बंद करायला नकार दिला. तपासलेले दुवेच बंद करा म्हणाले. शिवाय तेव्हा बंद साइटवर ‘हे पाहणं गुन्हा आहे’ असा मजकूर झळकायचा. नुसतं पाहणं कॉपीराइट कायद्यात गुन्हा नाही, असं सांगून त्यांनी तो बदलायला लावला. पानावर बंदीचं खरं कारण हवं, आदेशाचा तपशील हवा, आणि तक्रार कुठे करायची ते हवं.

तानपुराकाका, तुमच्या लाल पानावर यातलं काय आहे?

तानपुरा_मिरज

ढाल आहे.

पिंगवाला

काका, ढाल बदलता येते. सेटिंगमध्ये ‘ब्लॉक पेज’ म्हणून असतं, तिथे मराठीत लिहा. पायरसीसाठी वेगळं पान, मालवेअरसाठी वेगळं. मालवेअरच्या पानावर ‘पुढे जा’ बटणच ठेवू नका. आणि आर्काइव्ह, विकिस्रोत असली नावं ‘नेहमी सोडा’ यादीत टाका. हे नाव चुकीच्या वर्गात घातलंय असं कंपनीलाही कळवा, त्यासाठी फॉर्म असतो.

छापखाना

एवढं केलंत तर माझी हरकत नाही. फक्त ‘नेहमी सोडा’ यादी उघड लावा, भिंतीवर. नाहीतर महिन्याभरात त्यात वीस पोरांच्या वीस फर्माइशी जमतील.

संध्या_ग

टिचकी काढावी असंच मला अजून वाटतं. पण भिंतीवर यादी, याला +१.

तानपुरा_मिरज

मंडळी, केलं. पायरसीच्या पानावर आता असं आहे: ‘हे पान व्हायरसमुळे नाही, कॉपीराइटच्या शंकेमुळे अडवलं आहे. चूक वाटली तर टेबल नं. १ ला भेटा.’ खाली माझा मोबाईल. आर्काइव्ह सुरू झालं. त्या मुलीनं मासिकाचे तीन अंक उतरवून घेतले. कंपनीला फॉर्म भरला, ‘आपली विनंती नोंदवली आहे’ एवढंच उत्तर आलं.

पहिला फोन काल रात्री पावणेदहाला. बँकिंगचा एक मुलगा, चार खुर्च्या पलीकडून, दबक्या आवाजात: “काका, ही साइट चुकून अडकलीय.” जाऊन पाहिलं. चोरून मॅच दाखवणारी होती, वर तीन खोटी ‘प्ले’ बटणं. म्हटलं, ही चुकून नाही अडकली. तर म्हणतो, “शेवटच्या दोनच ओव्हर राहिल्यात हो.”

स्कोअर त्याला माझ्या मोबाईलवर दाखवला.