उणे २० मध्ये टोरांटो ते ओटावा: ६० युनिटची बॅटरी किती साथ देईल?

हिमवाट:
इलेक्ट्रिक गाडीत ६० युनिटची (किलोवॅट-तास) एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आणि हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा हीटर) आहे. उन्हाळ्यात १०० किमीला १६ युनिट लागतात, म्हणजे एका चार्जमध्ये ३७५ किमी. जानेवारीत टोरांटोहून ओटावाला जायचंय, ४०१ आणि पुढे ४१६ या महामार्गांनी, साधारण ४५० किमी. तापमान उणे २० धरलंय. थांबे किती धरू? हीटर बंद ठेवून रेंज वाचवावी का? आणि फास्ट चार्जर थंडीत इतका रडतो का? घरी फक्त १२० व्होल्टचं साधं सॉकेट आहे.

उत्तरायण:
१०० किमीला २५ युनिट धरा. हीटरचा वाटा मोठा, पण सगळा दोष त्याचा नाही. उणे २० ची हवा अधिक २० च्या हवेपेक्षा सुमारे १६% घन असते, तेवढाच तिचा विरोध वाढतो. त्यात गार, कडक टायर आणि रस्त्यावरचा बर्फ.

६० भागिले २५ म्हणजे २४० किमी. १५% हाताशी ठेवले की उरले २०४. म्हणून दोन थांबे. घरून १००% वर निघा, बेलव्हिलला (सुमारे १९० किमी) पोचताना २०% च्या आसपास उरेल. तिथे ८५% पर्यंत भरा. पुढचा थांबा ब्रॉकव्हिल, आणखी दीडशे किमी. तिथून ओटावा ११० किमीच, ७०% पुरे. एकाच थांब्यात भागवायला गेलात तर तो चार्जर बंद निघाला की दुसरा पर्याय उरत नाही.

वेग ११० ऐवजी १०० ठेवलात तर हवेचा विरोध सहावा हिस्सा कमी होतो. परतताना वारा बहुधा समोरून असतो, तेव्हा २७ युनिट धरा.

ग्राफाइट:
चार्जर रडत नाही, गाडीच करंट अडवते आणि ते बरोबर आहे. चार्ज होताना लिथियम बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरतं. सेल गारठलेला असला की हे शिरणं मंदावतं. तरी जोरात करंट ढकलला तर लिथियम आत न जाता वरच धातू म्हणून साचतं आणि तेवढी क्षमता बहुतेक कायमची जाते. म्हणून चार्जर १५० किलोवॅटचा असला तरी गार बॅटरी २०-३० किलोवॅटच मागते. एलएफपीत हे जास्त जाणवतं.

उपाय एकच: बॅटरी गरम करून पोचा. गाडीच्या नकाशात चार्जरच मुक्काम म्हणून टाका, म्हणजे ती ३०-४५ मिनिटं आधीपासून बॅटरी तापवू लागते. फोनवरच्या नकाशावर चाललात तर गाडीला काही कळत नाही. काही मॉडेलांत त्यासाठी वेगळं बटण असतं, ते शोधून ठेवा.

रात्रभर बाहेर उभी गाडी सकाळी थेट फास्ट चार्जरला नेणं ही हमखास होणारी चूक. ओटावाला पोचलात की बॅटरी गरम असतानाच भरून घ्या.

याच कारणाने सुरुवातीचे काही किलोमीटर रिजन (मंदावताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) जवळजवळ नसतं. पाय उचलल्यावर गाडी मंदावेल या भरवशावर राहू नका, ब्रेक लवकर दाबा. एलएफपीचं आणखी एक: तिचा व्होल्टेज बराच काळ सपाट राहतो, म्हणून टक्क्यांचा अंदाज चुकतो. आठवड्यातून एकदा १००% करा, नाहीतर पडद्यावरच्या १२% वर विसंबता येणार नाही.

चारचाकी:
हीटर बंदच ठेवा. सीट गरम करायला ५०-१०० वॅट लागतात, केबिनला तीन-चार हजार.

उत्तरायण:
आकडे बरोबर, सल्ला नाही. उणे २० मध्ये हीटर बंद केला की श्वासाच्या वाफेने काच आतून धुरकटते, मग गोठते. सीट आणि स्टिअरिंग गरम ठेवा, केबिन १८-१९ वर, आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. उणे १५ च्या खाली हीट पंपाचा फायदाही आटत जातो, बरीचशी उष्णता साध्या विजेच्या कॉइलचीच असते. बचत करायची तर वेगात करा.

वादळात ४०१ बंद झाला तर घाबरू नका. उभ्या गाडीत ऊब राखायला तासाला सुमारे २ युनिट लागतात. २०% म्हणजे १२ युनिट, सहा तास. म्हणूनच पोचताना उरणारे ते २०% मोलाचे.

हिमवाट:
सगळं टिपून घेतलं. घरच्या सॉकेटवर निघण्याआधी गाडी गरम होईल का?

ग्राफाइट:
पूर्ण नाही. १२० व्होल्ट, १२ अँपिअर म्हणजे १.४४ किलोवॅट. तापवायला ४-६ किलोवॅट लागतात, उरलेले बॅटरीतूनच जातात. रात्रभरात कागदावर १७ युनिट भरतात, पण त्यातले बरेच बॅटरी उबदार ठेवण्यात खर्च होतात. म्हणून दोन दिवस आधीपासून लावून ठेवा आणि निघायची वेळ गाडीत नोंदवा. कपड्यांच्या ड्रायरचा २४० व्होल्टचा प्लग गाडीपर्यंत पोचत असेल तर ३० अँपिअरच्या सर्किटवर सलग २४ अँपिअर घेता येतात, म्हणजे ५.७६ किलोवॅट. चार्जरवर २४ ची मर्यादा लावा, ड्रायर त्याच वेळी चालवू नका आणि सॉकेट आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

चारचाकी:
हीटरचं मान्य. टायरही बघा: तापमान दर ५-६ अंश उतरलं की १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरतं. गॅरेजमध्ये १५ अंशांना ४२ भरलेले बाहेर उणे २० ला ३६ दाखवतील, तेव्हा हवा गार टायरवर तपासा. चार्जिंगचं झाकण गोठलं तर तळव्याने दाबून बर्फ तोडा. गरम पाणी ओतू नका, मिनिटात पुन्हा गोठतं आणि तेही पिनांवर.