औपचारिकता म्हणता येणार नाही

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला फुटबॉलमध्ये परिषदेची (म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाची) अजिंक्यपद स्पर्धा ही निव्वळ औपचारिकता आहे, कारण बलाढ्य संघांना राष्ट्रीय स्पर्धेत तसेही स्थान मिळते, हे मत मला अपुरे वाटते. अटलांटिक कोस्ट या बलाढ्य परिषदेपुरते त्यात तथ्य आहे: २०२४ मध्ये तिथले महिला फुटबॉलचे विजेतेपद फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने सलग पाचव्यांदा मिळवले, पण राष्ट्रीय विजेता ठरला तो त्याच परिषदेतला नॉर्थ कॅरोलिनाचा संघ. मात्र राष्ट्रीय स्पर्धेतील ६४ जागांपैकी काही परिषदांच्या विजेत्यांना थेट मिळतात आणि उरलेल्यांची निवड समिती करते; त्यामुळे ज्या छोट्या परिषदेतून समिती सहसा दुसरा संघ घेत नाही, तिथे अंतिम सामना हरणाऱ्या मुलींचा हंगाम, आणि शेवटच्या वर्षातील खेळाडूंची महाविद्यालयीन कारकीर्दही, बहुधा त्याच दिवशी संपते. त्यातही निर्णय पेनल्टी किकवर लागला, तर अधिकृत नोंदीत तो सामना बरोबरीचाच राहतो, पुढे मात्र एकच संघ जातो. मला ही रचना कठोर वाटते, तरीही अशा सामन्यांना मोठ्या परिषदांइतकेच प्रेक्षक मिळायला हवेत.