मदत हवी आहे: वीज गेल्यापासून सर्व्हरचे परफॉर्मन्स काउंटर बिघडलेत

नमस्कार मंडळी,

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे संगणक मी एकटाच बघतो. पावसाळ्यात इथं वीज किती वेळा जाते ते जांबोटी-कणकुंबीकडच्यांना सांगायला नको. गेल्या आठवड्यात रात्री यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या आणि विंडोज सर्व्हर चालू असतानाच बंद पडला.

सकाळी व्यवहार नीट सुरू झाले, पण परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये (सर्व्हरवर किती ताण आहे ते दाखवणारं विंडोजचं साधन) काउंटरच्या, म्हणजे त्यातल्या मोजमापांच्या, नावांऐवजी नुसते आकडे दिसतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींची नोंदवही) ३०१२ क्रमांकाची नोंद आहे, म्हणजे रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथं ठेवतं ती जागा) काउंटरची नावं खराब झालीत. अॅडमिन म्हणून सिस्टम३२ फोल्डरमधून काउंटर नव्यानं बांधणारी ‘लॉडसीटीआर /आर’ ही आज्ञा चालवली, तर ‘एरर कोड २’ आला. रजिस्ट्रीत हात घालायला भीती वाटते.

संध्याकाळी पिग्मी एजंट मशीन घेऊन आले की सर्व्हर गुदमरतो, खातेदार ताटकळतात. डिस्क बदलायला हवी हे संचालक मंडळाला पटवायला मी तीन महिने डिस्क क्यूच्या (डिस्कपाशी किती कामं खोळंबलीत त्याच्या) नोंदी परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये ठेवल्यात. दुरुस्ती करताना त्या गेल्या तर सगळी मेहनत वाया जाईल. पुढच्या सोमवारी बैठक आहे. कृपया सांगा, काय करू?

प्रतिसाद १:
दादा, नोंदी जाणार नाहीत. त्या बीएलजी फाइलमध्ये (परफॉर्मन्स मॉनिटरच्या नोंदींची फाइल) वेगळ्या असतात. ‘लॉडसीटीआर /आर’ फक्त नावं आणि क्रमांक नव्यानं बांधतो. तरी आधी त्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि रजिस्ट्रीतली परफलिब की (काउंटरची नावं असलेला भाग) एक्सपोर्ट करून ठेवा. सर्व्हर ६४ बिटचा असेल तर तीच आज्ञा सिसवाऊ६४ फोल्डरमध्ये (विंडोजच्या ३२ बिट फाइलींचा फोल्डर) जाऊन चालवा, मग सिस्टम३२ मध्ये पुन्हा. एरर २ बऱ्याचदा असाच जातो. नंतर ‘विनएमजीएमटी /रिसिंकपर्फ’ चालवा, म्हणजे डब्ल्यूएमआयलाही (इतर प्रोग्रामना सिस्टमची माहिती पुरवणारी विंडोजची सेवा) नवी नावं कळतील. शेवटी ‘लॉडसीटीआर /क्यू’ नं पर्फडिस्क (डिस्कचे काउंटर पुरवणारा भाग) बंद तर नाही ना ते बघा. असेल तर ‘लॉडसीटीआर /ई:पर्फडिस्क’.

मूळ लेखक:
ताई, मनापासून आभार! सिसवाऊ६४ मधून चाललं, मग सिस्टम३२ मध्येही. नावं परत आली. पर्फडिस्क खरंच बंद पडला होता, सुरू केला. जुन्या फाइली उघडतात, फक्त वीज गेली त्या रात्रीची एक उघडत नाही. ती वाचवायचा काही मार्ग आहे का?