मदत हवी आहे: वैद्यकामुळे राज्यकारभार खरंच बदलला का?

औदुंबर:
शुक्रवारी सेमिनार आहे आणि पेपर अडलाय. रक्ताभिसरण शोधणारा वैद्य हार्वे आणि राज्याला शरीर मानणारा तत्त्वज्ञ हॉब्ज, दोघांवर लिहून झालं, पण मॅडम म्हणतात ही नुसती उपमा झाली, कारभारात काय बदललं ते दाखव. पटकन एखादं उदाहरण सांगा.

तळटीप:
कुठला देश? शतक? इतिहास की राज्यशास्त्र?

औदुंबर:
हॉब्ज म्हटल्यावर इंग्लंडच ना! सतरावं शतक. राज्यशास्त्र, एमए दुसरं वर्ष.

मनमोकळा:
नुसती उपमा कशी? हॉब्जचं 'लेव्हायथन' (१६५१) पुन्हा वाचा. पैसा म्हणजे राज्याचं रक्त. खजिन्यात येतं, तिथून परत बाहेर जातं. मक्तेदारी आणि महसूल वसुलीच्या ठेक्यांमुळे पैसा मोजक्या हातांत साचला की हॉब्ज त्याला रोगच म्हणतो. हे निदान आहे.

सांजसकाळ:
आपल्याकडचं घ्या की. १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यात गोऱ्या सोजिरांनी केलेली घरझडती. आमच्या पणजीच्या तोंडून ऐकलंय, देवघरापर्यंत बूट घालून यायचे.

औदुंबर:
सतरावं शतक हवंय हो.

तळटीप:
@मनमोकळा, निदान केलं, पण हॉब्जने कारभार कुठे केला? औदुंबर, विल्यम पेटी घ्या. ऑक्सफर्डला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक, १६५२ पासून आयर्लंड जिंकणाऱ्या इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या तिथल्या फौजेचा मुख्य वैद्य. तिथेच जप्त जमिनींच्या मोजणीचं काम त्याने अंगावर घेतलं. पुढे आयर्लंडची 'राजकीय शरीररचना' लिहिली. ती छापली गेली १६९१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्यात माणसं, घरं, चुली, जमीन, सगळ्याचा हिशोब आहे. प्रस्तावना नक्की वाचा. वैद्यकाचे विद्यार्थी स्वस्तात मिळणाऱ्या, ओळखीच्या प्राण्यांवर अभ्यास करतात, तसा मी आयर्लंड निवडला, असं तो सरळ लिहितो. अख्खा देश टेबलावर घेतलाय. वाचताना अंगावर काटा येतो.

मनमोकळा:
हाच पेटी पॅरिसमध्ये हॉब्जच्या सोबत शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसचे ग्रंथ वाचत होता. म्हणजे मूळ हॉब्जच.

तळटीप:
सोबत वाचलं म्हणून मूळ ठरत नाही. हॉब्जने राज्याला शरीर म्हटलं, पेटीने मोजपट्टी लावली. मॅडमना हा फरकच हवाय.

औदुंबर:
हे चालेल! मोजलेल्या जमिनी गेल्या कुणाकडे?

तळटीप:
क्रॉमवेलच्या सैनिकांना, थकलेल्या पगारापोटी. शिवाय मोहिमेला पैसे पुरवलेल्या धनकोंना. पेटीलाही आयर्लंडमधल्या केरी परगण्यात भरपूर जमीन मिळाली. ज्यांच्या होत्या त्या कॅथलिक जमीनदारांना शॅनन नदीपलीकडे, पश्चिमेच्या कॉनाट प्रांतात जायचं फर्मान होतं. पेपरात हे आलंच पाहिजे.