मदत हवी आहे: ‘सॉल्ट निकोटिन अंगात भिनत नाही’ हे खरं आहे का?

नमस्कार. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दीड वर्षापासून आमच्याकडे सदाशिव पेठेत राहतो. गेल्या आठवड्यात त्याच्या ड्रॉइंगच्या सामानात हायलायटरएवढी चपटी नळी सापडली. ओढली की टोकाला निळा दिवा लागतो, खोलीत आंब्याच्या गोळीसारखा वास रेंगाळतो. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. मी ओरडले नाही. समोर बसवून विचारलं, तर त्याने मलाच रसायनशास्त्र शिकवलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

त्याचं म्हणणं: “आत्या, आजोबा तंबाखूला चुना का लावतात? चुन्याने निकोटिन मोकळं होतं, म्हणून चढतं. यात उलट आम्ल घातलेलं असतं. निकोटिनचं मीठ होतं, ते भिनत नाही, वाफेबरोबर बाहेर पडतं. आणि आहेच किती, पाच टक्के!” हे त्याने कुठल्याशा रीलमध्ये बघितलंय.

यातलं चुन्याचं मला पटतं, हीच अडचण आहे. बाबांना लहानपणापासून तंबाखू मळताना बघत आलेय. डाव्या तळहातावर चिमूट, नखाने चुना, अंगठ्याने रगडायचं, मग दोन थापट्या. चुना कमी पडला की म्हणायचे, “आज लागत नाही.” मग आम्लाने जोर जातो हेही खरं असायला हवं ना? पण तसं असेल तर हा मुलगा सकाळी तोंड धुवायच्या आधी ती नळी का शोधतो? परवा सापडेना तेव्हा गादी उलटी केली, मला तोडून बोलला. असा तो कधीच नव्हता.

दरडावून उपयोग नाही. चूक नेमकी कुठे आहे ते दाखवलं तर ऐकेल, असा आहे तो. कोणी समजावून सांगाल का? आणि मदत कुठे मागायची?

प्रतिसाद

ताई, मी फार्मसी शिकवते. भाच्याचं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच ते फसवं आहे. चुन्याचा नियम तोंडाचा. तोंडाच्या अस्तरातून मोकळं निकोटिन पटकन आत जातं, आम्लाशी जोडलेलं फारसं जात नाही. व्हेप मात्र फुप्फुसात ओढतात. तिथला पृष्ठभाग प्रचंड, त्याला खेटून रक्त, आणि रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, किंचित अल्कधर्मी, शरीर राखून असतं. थेंबातलं ते जरासं आम्ल तिथे टिकत नाही. निकोटिन मोकळं होत राहतं आणि शोषलं जातं. त्याला एवढंच विचारा: साध्या सिगारेटचा धूरही किंचित आम्लधर्मी असतो, तरी त्यातलं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोहोचतं, ते कसं?

आम्ल, बहुतेकदा बेंझॉइक, घालतात ते घशासाठी. मोकळं निकोटिन घशाला झोंबतं, माणूस खोकतो, थांबतो. मीठ केलं की झोंबणं जातं आणि कडक द्रावणही खोल ओढता येतं. पाच टक्के म्हणजे मिलीलिटरला निदान ५० मिलिग्रॅम. युरोपीय संघात कायद्याची मर्यादा २० आहे. आपल्याकडे २०१९ पासून विक्रीलाच बंदी आहे, त्यामुळे चोरून विकलेल्या नळीवरचा आकडा खरा की खोटा हे तपासणारं कोणी नाही. आणि ती पाण्याची वाफ नव्हे, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचे बारीक थेंब असतात.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्रभरात ते संपत येतं, म्हणून उठल्याउठल्या तलफ. चिडणंही त्यातलंच, मनाला लावून घेऊ नका. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर छापलेला असतो, तिथून सुरुवात करा. फोनवर त्यालाच बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा.

धागाकर्ती

मनापासून आभार. रात्री जेवताना सिगारेटचा प्रश्न विचारला. त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, “सोमवारी सबमिशन आहे, ते झालं की फोन करतो.” नळी मी काढून घेतलेली नाही, त्याच्याकडेच आहे. सोमवारपर्यंत थांबू, की आजच फोन करायला सांगू?