मदत हवी आहे: आईच्या डोळ्यांचे अँगल अरुंद आहेत, काहीच त्रास नसताना लेझर करावं का?

नमस्कार मंडळी,

आई (वय ६१) चष्म्याचा नंबर तपासायला गेली होती. डॉक्टरांनी डोळ्याला भिंग लावून आतला कोन पाहिला (गोनिओस्कोपी) आणि सांगितलं, दोन्ही अँगल अरुंद आहेत, पुढे बंद होऊन काचबिंदू होऊ शकतो, लेझर आयरिडोटॉमी (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला लेझरने बारीक भोक पाडणं) करून घ्या. डोळ्यांचा दाब १७ आणि १८, डोळ्याची नस चांगली, मोतीबिंदूची जेमतेम सुरुवात. मधुमेह मात्र जुना आहे.

आई म्हणते, "मला नीट दिसतंय, मग धडधाकट डोळ्याला भोक कशाला पाडायचं?" यावर मला उत्तर सुचेना. मामांची एका डोळ्याची नजर काचबिंदूनेच गेली, म्हणून थांबायचीही भीती वाटते. त्यांचा काचबिंदू कोणत्या प्रकारचा होता हे घरात कोणालाच माहीत नाही. ज्यांनी हे लेझर करून घेतलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा. दुखतं का? नंतर नजरेत काही फरक पडतो का?

प्रतिसाद १

मला डाव्या डोळ्याला झटका (अँगल अचानक बंद होऊन दाब चढतो तो) येऊन गेलाय, म्हणून लिहिते. आधी दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसायला लागली, मग डोळा लालबुंद, कपाळात असह्य कळा आणि उलट्या. घरच्यांना पित्त वाटलं, त्यात वेळ गेला. औषधांनी दाब उतरवून लेझर केलं, आणि चांगल्या डोळ्यालाही केलं, कारण एका डोळ्याला झटका आला की दुसऱ्यालाही धोका असतो. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत आली नाही. लेझर ती आणू शकत नाही, हे आईंना जरूर सांगा.

आधी बाहुली बारीक करायचे थेंब घालतात, त्याने भुवईपाशी ठणकतं. मग बधिर करायचे थेंब, डोळ्यावर भिंग, आणि टिचकी मारल्यासारखं काहीतरी जाणवतं. काही मिनिटांचं काम. त्यानंतर तासाभराने दाब पुन्हा मोजतात, कारण लेझरनंतर तो काही वेळ चढू शकतो. पुढे थोडे दिवस सूज कमी करायचे थेंब. त्या दिवशी धूसर दिसतं, तेव्हा सोबत जा. मला अजून कधीकधी प्रकाशाची एक बारीक रेघ दिसते. सगळ्यांना दिसत नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

प्रतिसाद २

ताई, आईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. डोळ्यातलं पाणी आयरिसच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कोपऱ्यातल्या (हाच तो अँगल) जाळीतून निघून जातं. बाहुलीपाशी ते अडलं की मागचा दाब पडद्याला पुढे ढकलतो आणि कोपरा मिटतो. लेझरचं भोक पाण्याला दुसरी वाट देतं.

२०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये ग्वांगझू इथला अभ्यास आला. नुसते अरुंद अँगल असलेल्या ८८९ जणांच्या एका डोळ्याला लेझर केलं, दुसरा तसाच ठेवला. ६ वर्षांत लेझर केलेल्या १९ डोळ्यांचा आजार पुढे सरकला, न केलेल्या ३६ डोळ्यांचा. धोका जवळपास निम्मा झाला हे खरं, पण न केलेलेही बहुतेक डोळे ठीक राहिले. म्हणून नियमित तपासणी होणार असेल तर थांबणं हाही शहाणपणाचा पर्याय आहे.

तुमच्याकडे मात्र दोन गोष्टी लेझरच्या बाजूने जातात. घरात काचबिंदू आहे. शिवाय मधुमेहामुळे डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) तपासायला बाहुली वारंवार मोठी करावी लागणार, आणि अरुंद अँगलमध्ये त्यानेच झटका येऊ शकतो. माझी आई असती तर मी करून घेतलं असतं.

लेझरनंतर अँगल उघडला का, हे पुन्हा गोनिओस्कोपी करून पाहायला सांगा. काहींचा भोक पाडूनही अरुंदच राहतो. आणि तोवर सर्दीच्या किंवा गाडी लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, त्यातल्या काहींनीही बाहुली मोठी होऊ शकते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. बाहुली मोठी करण्याचा मुद्दा तिला पटला, कारण पडद्याची तपासणी जवळ आलीच आहे. ती आता लेझर होईपर्यंत पुढे ढकलावी का, हे डॉक्टरांना विचारते. एकच राहिलं: दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी करतात की अंतर ठेवतात? तुमचं कसं झालं?

प्रतिसाद १

माझे वेगवेगळ्या दिवशी झाले, पण तेव्हा डाव्याचा दाब खूप चढलेला होता. काही ठिकाणी दोन्ही एकाच दिवशी करतात. आईंना त्या दिवशी घरी एकटं राहावं लागणार असेल तर अंतर ठेवायला सांगा.